वाकून अंगठे धरायचे की नाही?

प्रश्न: मॅडम, माझं वय 44, दिवसभर खुर्चीत बसून काम. बरेच महिने कंबर दुखतेय. जिमचे सर म्हणाले हॅमस्ट्रिंग टाइट आहेत म्हणूनच दुखतं, रोज सकाळी उठल्याउठल्या उभं राहून पायाचे अंगठे पकडा. ते सुरू केल्यापासून दुखणं वाढलंय. चालू ठेवू का?

उत्तर: नाही, आजपासून बंद करा. हॅमस्ट्रिंग म्हणजे मांडीमागचे तीन स्नायू, बसताना जे हाड टेकतं तिथून निघून गुडघ्याखाली चिकटतात. ते आखडलेले असले की वाकताना खुबा लवकर अडकतो आणि उरलेलं सगळं वाकणं कंबरेच्या मणक्यांवर येतं, त्यात सकाळी मणक्यांमधल्या गाद्या रात्रभर पाणी ओढून फुगलेल्या असतात, म्हणजे कंबरेला सगळ्यात जड वेळी तुम्ही तो व्यायाम करताय.

आणि ‘टाइट म्हणूनच दुखतं’ हे इतकं सरळ नाहीये. कंबरदुखीवाल्या बऱ्याच जणांचे हॅमस्ट्रिंग ताठ असतात हे खरं, पण ताठ म्हणून दुखतं की दुखतं म्हणून शरीर ते आखडून धरतं, हे रिसर्चमधूनही पक्कं ठरलेलं नाही.

आधी एक बघा. पाठीवर झोपा, घरातल्या कुणालातरी गुडघा सरळ ठेवून तुमचा पाय हळूहळू उचलायला सांगा. मांडीमागे नुसता ताण आला तर स्नायूच. पण त्याच वेळी पंजा स्वतःकडे ओढल्यावर कळ पोटरीत, पावलात गेली, मुंग्या आल्या, तर सायटिकाची नस असू शकते, ती ताणत बसलात तर अजून चिडते, मग स्ट्रेचिंग राहू दे, आधी फिजिओला दाखवा.

नुसता ताण असेल तर झोपूनच करा. एक पाय दुमडून ठेवा, दुसऱ्याच्या तळव्याला टॉवेल किंवा ओढणी अडकवून पाय वर घ्या, गुडघा थोडा वाकला तरी चालेल, कंबर जमिनीला टेकलेली हवी. 30 सेकंद धरा, झटके नकोत, श्वास रोखू नका. दोन्ही पायांना 2-3 वेळा. मिनिटभर धरून जास्त मिळत नाही, रोज करण्याने मिळतं, आणि फरक दिसायला काही आठवडे जातातच. सोबत चालणं आणि खुर्चीतून अधूनमधून उठणं हवंच, माझ्या मते कंबरेसाठी ते स्ट्रेचिंगपेक्षाही महत्त्वाचं.

लघवी-संडासवरचा ताबा गेला, जांघेत बधिरपणा आला किंवा पाऊल उचलताना लुळं पडायला लागलं तर व्यायाम वगैरे सोडा, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.