खर्च 'येतो' की 'होतो'?

प्रश्न: घराचं रंगकाम झाल्यावर मी मैत्रिणीला सांगितलं, चाळीस हजार खर्च आला. तर सासरे म्हणतात, येतात ते पैसे, खर्च येत नाही, खर्च होतो. कोण बरोबर? आणि हा शब्द मूळचा मराठीच ना?

उत्तर: ताई, दोघंही बरोबर, भांडण मिटवा. एखाद्या कामाला किती लागले ते सांगायचं असलं की 'खर्च येतो', त्यात तुमचा हात सैल होता का आखडता याच्याशी घेणंदेणं नाही, काम काढलं की तेवढे लागणारच. 'झाला' म्हटलं की खिशातून गेले एवढंच कळतं. पण 'केला' म्हटलं की करणारा सापडतो, म्हणून तर घरोघरी स्वतःचा खर्च 'होतो' आणि दुसऱ्याने तो 'केलेला' असतो! 'खर्ची पडणे' अजून वेगळं, ते माणसांनासुद्धा लागतं, लढाईत सैन्य खर्ची पडतं. पानिपतानंतर 1761 साली आलेला तो प्रसिद्ध सांकेतिक निरोप आठवा, त्यातही मेलेली माणसं म्हणजे गळालेली मोती आणि हरपलेल्या मोहराच होत्या.

आता मूळ. शब्द अरबीतला, फारसीमार्गे आपल्याकडे आला, त्या धातूचा अर्थ बाहेर जाणं, निघणं. कोर्टात अर्ज 'खारीज' होतो ना, तो याचाच सख्खा भाऊ. आणि जमाखर्चातला 'जमा' पण अरबीच, म्हणजे गोळा होणं, जमाव आणि जमात त्याच घरातले. मला खरी गंमत वाटते ती संस्कृत 'व्यय'ची, त्यातही जाणं याच अर्थाचा धातू आहे, वि + इ, निघून जाणं. दोन भाषांचा एकमेकींशी काही संबंध नाही पण पैशाबद्दल दोघींचं मत एकच, की तो जातो. जो कशानेही बदलत नाही, झिजत नाही तो शब्द 'अव्यय', आणि पत्रिकेतलं बारावं घर व्ययस्थान, ते लाभस्थानाला लागूनच आहे हे सासऱ्यांना माहीत असेलच.

जाता जाता, 'खूप खर्चा झाला' हे हल्ली मुलांच्या तोंडी असतं ते हिंदीतलं, मराठीत खर्चच. 'खर्चापाण्याला पैसे' मात्र खुशाल म्हणा. आणि खर्चमधला च चोरातला, खर्चिकमधला चिंचेतला, हे कुणी शिकवत नाही तरी आपण बरोबर म्हणतो.