अल्टरनेटर उतरवण्याआधी मीटर लावा

पावसाळा सरत आला की चार्जिंगच्या तक्रारी वाढतात. या वेळी आलेले बहुतेक प्रश्न अल्टरनेटरचे, म्हणजे इंजिनच्या पट्ट्यावर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राचे (बरेच जण त्यालाच डायनॅमो म्हणतात) आहेत, म्हणून तेच एकत्र घेतले.

खानापूरहून एक शिक्षक: जांबोटी रस्त्यावर रोजची ये-जा. डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा मधेच लागतो, मधेच विझतो. मिस्त्री म्हणतो डायनॅमो गेला, नवीन बसवा. मी घरीच बदलू म्हणतोय. आधी काय बघू?

मिस्त्री बरोबरही असेल, पण त्यानं मीटर लावला होता का? साधा मल्टिमीटर घ्या. गाडी रात्रभर उभी असेल तर सकाळी बॅटरीवर 12.6 व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. इंजिन सुरू केल्यावर 13.8 ते 14.5. मग हेडलाइट, ब्लोअर, मागच्या काचेचा हीटर असेल तर तोही लावा आणि थोडा रेस द्या. तरी आकडा साडेतेराच्या खाली जायला नको. काही नव्या गाड्यांत कॉम्प्युटर मुद्दाम चार्जिंग कमी करतो, त्यामुळे दिवे न लावता आलेल्या कमी आकड्यावरून निकाल देऊ नका.

चार्जिंग कमीच आलं तरी लगेच अल्टरनेटर दोषी नाही. इंजिन चालू आणि दिवे लावलेले असताना मीटरची एक तार अल्टरनेटरच्या मोठ्या टर्मिनलला, दुसरी बॅटरीच्या प्लसला लावा. फरक 0.3 व्होल्टपेक्षा जास्त असेल तर वीज वाटेतच अडते आहे. तसंच अल्टरनेटरची बॉडी आणि बॅटरीचा मायनस यांच्यात बघा. खानापुरातला पाऊस आणि तांबडा चिखल अर्थिंगच्या पट्टीला कसा खातो, हे तुम्हाला मी सांगायला नको. दिवा सतत न लागता लुकलुकतो, यावरून मला ढिला प्लग किंवा झिजलेले कार्बन ब्रश यांचाच संशय येतो. बऱ्याच अल्टरनेटरांत ब्रश वेगळे बदलता येतात.

इंजिन चालू ठेवून बॅटरीची तार काढून बघायची जुनी परीक्षा मात्र करू नका. त्या क्षणी व्होल्टेज उसळतं आणि ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, जळू शकतो.

निपाणीहून: शंभरावर तुकड्यांचा टूल सेट दुकानात बघितला. घेऊ काय?

नको. त्यातले निम्मे तुकडे पेटीतच गंजतात. 10, 12, 13, 14 आणि 17 च्या सहा कोनी गोट्या (सॉकेट), रॅचेट, एक लांब एक्स्टेन्शन आणि त्याच मापांचे रिंग-फिक्स पाने, एवढ्यावर बहुतेक गाड्यांचं काम होतं. बारा कोनी गोटी गंजलेल्या नटाचे कोपरे लवकर खाते. ॲडजस्टेबल पाना घरी नळाला वापरा. ठरावीक जोरानंच बोल्ट आवळणारा टॉर्क पाना महाग वाटत असेल तर ओळखीच्या गॅरेजातून आणा. बेळगावात उद्यमबागेसारखी वसाहत असताना चांगली हत्यारं मिळत नाहीत, असं कुणी म्हणू नये.

बेळगाव, शहापूरहून: छोटी पेट्रोल गाडी आहे. तपासणी केली, अल्टरनेटरच गेलाय. पहिल्यांदाच काढतोय. क्रम सांगा.

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. सर्वांत आधी बॅटरीची मायनस तार काढा. मोठ्या टर्मिनलला बॅटरीची वीज थेट येते. मायनस जोडलेला असताना तिथला पाना चेसिसला टेकला तर ठिणग्या उडतील आणि पानाही वितळेल.

पट्टा कुठून कसा फिरतो याचा फोटो काढा. पट्टा ताणून धरणारा स्प्रिंगचा टेन्शनर असेल तर लांब हँडलनं तो फिरवून पट्टा उतरवा. ॲडजस्टिंग बोल्ट असेल तर आधी खालचा पिव्होट बोल्ट थोडा ढिला करा, मग ॲडजस्टिंग. प्लग लॉक दाबून काढायचा, वायर धरून ओढायचा नाही. रबरी टोपीखालचा मोठा नट काढा, मग दोन्ही बोल्ट. इतकं करूनही अल्टरनेटर ब्रॅकेटात घट्ट बसलेला असतो. हलवत हलवत काढा, ॲल्युमिनियमच्या कानात पहार घालू नका, तुटतो.

काही गाड्यांत तो खालून काढावा लागतो. मग नुसत्या जॅकवर विसंबू नका, स्टँड लावा. आपल्याकडे अंगणात जांभ्याचे चिरे पडलेले असतात आणि तेच टेकू म्हणून लावायचा मोह होतो. भाराखाली चिरा अचानक फुटतो. ते मुळीच नको.

नवा घेताना जुना सोबत न्या. बोल्टचे कान, प्लग, पुलीच्या खाचा आणि अँपिअर, चारही जुळले पाहिजेत. अँपिअर जुन्यापेक्षा कमी नको. पट्टाही नवा घेणार असाल तर त्यावर 6पीके1230 असं काही छापलेलं असेल. म्हणजे सहा खाचा आणि 1230 मिलिमीटर लांबी. पावती कन्नडात असो की मराठीत, तिच्यावर पार्ट नंबर मागून घ्या.

बसवताना उलटा क्रम, मायनस शेवटी. पट्टा सगळ्या खाचांत बसलाय ना, बोट फिरवून बघा. हातानं ताणायचा पट्टा फार आवळू नका, बेअरिंग मरतं. उतरलेली बॅटरी आधी चार्जरवर भरून घ्या. ती भरण्याचं ओझं नव्या अल्टरनेटरवर पहिल्याच दिवशी कशाला?

चिकोडीहून एक शेतकरी: माझी जुनी डिझेल जीप आहे. तिच्यातही असंच काढायचं काय?

आधी अल्टरनेटरच्या मागे बघा. जुन्या डिझेल गाड्यांत तिथंच व्हॅक्युम पंप जोडलेला असतो. त्याला तेलाच्या नळ्या आणि ब्रेक बूस्टरकडे (ब्रेक दाबणं हलकं करणाऱ्या भागाकडे) जाणारा पाइप असतो. पंप नीट बसला नाही किंवा पाइपातून हवा गेली तर ब्रेक कडक होतात, पाय जोरात दाबावा लागतो. पहिल्यांदा अनुभवी मिस्त्रीच्या शेजारी उभं राहून बघा. काम झाल्यावर इंजिन चालू ठेवून जागेवरच ब्रेक दाबून बघितल्याशिवाय उसाच्या ट्रॉल्या चालणाऱ्या रस्त्यावर जीप काढू नका.

संकेश्वरहून: खंडेनवमीला प्रेशरनं गाडी धुतली. तेव्हापासून सुरू करताना पट्टा किंचाळतो. साबण लावू काय?

साबण, पावडर, तेल काहीही लावू नका. पाण्यानं भिजला असेल तर आवाज सुकल्यावर जातो. इतके दिवस टिकला असेल तर इंजिन बंद करून ताण बघा, पट्ट्याला चमक किंवा चिरा दिसल्या तर तो बदला. पट्टा उतरवल्यावर अल्टरनेटरची पुली हातानं फिरवा. खरखर लागली तर बेअरिंग. पुढच्या वर्षी पूजेआधी धुताना बोनेटच्या आत ओल्या फडक्यानंच पुसा.