पत्रिकेत 'अश्लील' छापावं का?

गुहागर तालुक्यातल्या एका वाडीच्या मंडळाकडून प्रश्न आला आहे. गौरी-गणपतीत हे मंडळ शक्ती-तुऱ्याचा, म्हणजे दोन शाहिरांच्या गाण्यातल्या चढाओढीचा, सामना ठेवतं. गेल्या खेपेला टोमण्यांवरून बाचाबाची झाली आणि बायामाणसं पोरांना घेऊन मांडवातून उठून गेली. यंदा पत्रिकेत 'अश्लील गाणी चालणार नाहीत' असं छापा, असा जाणत्यांचा आग्रह आहे. पोरं म्हणतात, ही कला आहे, आणि शिमग्यात याच्या दसपट चालतं तेव्हा कोणाचे कान विटाळत नाहीत. कोणी 'ग्राम्य' सुचवलं, कोणी 'बीभत्स', कोणी 'चावट'. तर नेमका शब्द कोणता?

माझं मत आधीच सांगतो: यातला एकही नको. भांडण ज्यावरून झालं ते यातल्या कुठल्याच शब्दात मावत नाही.

'अश्लील' मुळात 'अश्रील'. श्री म्हणजे शोभा, ती ज्यात नाही ते. र आणि ल यांची अदलाबदल संस्कृतात नेहमीचीच. तेव्हा जुन्या अर्थात उघड्या-झाकल्या अंगाचा काही संबंध नव्हता, नुसतं ओंगळ, बेढब एवढंच. काव्यशास्त्रानं पुढे तो शब्द दोषांच्या यादीत नेऊन बसवला. अकराव्या शतकातल्या मम्मटानं 'काव्यप्रकाशा'त अश्लीलाचे तीन प्रकार सांगितले आहेत: ऐकून लाज वाटते ते, किळस येते ते, आणि अमंगल सुचवतं ते. या तिसऱ्या प्रकारापाशी कोकणातल्या माणसानं जरा थांबावं. आपल्याकडे आजी नातवाला 'मेल्या, जेवलंस काय?' असं लाडानं विचारते. मम्मटाच्या मापानं बघायचं तर 'मेल्या' हा अमंगलसूचक, म्हणजे अश्लील. मग अख्खी मालवणी बोली दोषांच्या यादीत गेली म्हणायची.

पण हेच शास्त्रकार पुढे सवलतही देतात, आणि ती या वादात फार कामाची आहे. हलक्या पात्राच्या तोंडी ग्राम्य बोलणं आलं तर तो दोष नसून गुण, असं मम्मट सांगतो. शृंगाराच्या गप्पांत अश्लीलही गुण ठरतो, असं 'साहित्यदर्पण'कार विश्वनाथ म्हणतो. थोडक्यात, दोष शब्दाला चिकटलेला नसतो. कोण बोलतो, कोणाशी, कुठल्या प्रसंगी, त्यावर ते ठरतं. कोकणातल्या नमनाच्या खेळातला संकासूर काळ्या अंगरख्यात नि उंच टोपीत येऊन जे बरळतो, गौळणीतली मावशी (म्हणजे मिशी काढलेला आपलाच कोणी दादा) जी वाकडी उत्तरं देते, ते सगळं याच सवलतीवर चाललेलं आहे. त्यासाठी कोणाला मम्मट वाचावा लागलेला नाही.

'ग्राम्य' तर पत्रिकेत मुळीच छापू नका. ग्राम म्हणजे गाव, ग्राम्य म्हणजे गावातलं, आणि गावातलं म्हणून असभ्य. हा शब्द नगरात बसून घडवलेला आहे. गावाच्याच मंडळानं गावच्याच मांडवात 'ग्राम्य गाणी चालणार नाहीत' म्हणायचं, म्हणजे आपल्याच थोबाडीत मारून घेणं. गावावरूनच आलेला 'गावठी' बघा. चिपळूणच्या बाजारात गावठी कोंबडी, गावठी अंडी म्हटलं की भाव चढतो, कोणी नाक मुरडत नाही. कुळी एकच, पण एक शब्द आपण आपल्यासाठी वापरतो आणि दुसरा आपल्यावर लादलेला.

'बीभत्स' हा नऊ रसांपैकी एक रस. 'बीभत्स गाणी चालणार नाहीत' म्हणजे शब्दशः एका रसावर बंदी. युद्धाच्या पोवाड्यात गिधाडं नि आतडी येतात, ती बीभत्सच असतात. हल्ली वर्तमानपत्रांमुळे हा शब्द अंगविक्षेपांसाठी रुळला आहे, पण त्यात मुख्य गोष्ट किळस आहे. शक्ती-तुऱ्यात किळस आली म्हणून कोणी उठून गेलेलं मी ऐकलं नाही.

राहिला 'चावट'. हा मला आवडतो. चावट म्हणताना तक्रार असते आणि कौतुकही असतं. 'चावट कुठला!' असं म्हणणारीच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू असतंच. 'वात्रट'चंही तसंच. वेंगुर्ल्यात जन्मलेल्या मंगेश पाडगावकरांनी वात्रटिका लिहिल्या, आणि पोरांना दटावायच्या शब्दावरून कवितेच्या एका प्रकाराला नाव मिळालं. 'अश्लीलिका' होऊ शकली नसती. 'फाजील', 'पाचकळ', 'वाह्यात' हे शब्द वेगळ्या गल्लीतले. ते विनोदाच्या दर्जाबद्दल बोलतात, नीतीबद्दल नाही. पाचकळ गाण्याला शिक्षा एकच, टाळ्या न मिळणं.

आता प्रत्यक्ष टोमण्याकडे येतो. ज्यांनी सामना पाहिलेला नाही त्यांच्यासाठी: घाटावर ज्याला कलगी-तुरा म्हणतात तेच कोकणात शक्ती-तुरा. शक्तीवाले प्रकृतीची, देवीची बाजू घेतात, तुरेवाले पुरुषाची, शिवाची. गण होतो, गौळण होते, सवाल-जवाब होतात, पुराणातली कोडी घातली जातात, आणि रात्र चढली की टोमणे सुरू होतात. बोचरं बोलणं हा या खेळाचा नियमच आहे. सिंधुदुर्गात डबलबारीच्या भजनातही दोन बुवा एकमेकांना चिमटे काढतातच. ज्याला टोमणा सोसत नाही त्यानं सामन्याला उभं राहू नये.

एक टोमणा मीच रचतो, म्हणजे कुठल्या शाहिराचं ढापल्याचं बालंट नको:

भादव्याच्या सरीनं ढोलकी तुझी ओलावली रं,
पुडी पडली सैल, आता शेकाया कोण बोलावली रं?

भादव्यात हवा दमट असते, ढोलकीची पुडी सैल पडते, आवाज बसतो, ती शेकावी लागते. वर्णन खरंच आहे. दुसरा अर्थ काय तो मांडवातल्या प्रत्येकाला कळतो, पोरांना तेवढा कळत नाही, आणि समोरचा शाहीर उलटून असं काही देतो की याची पुडी आणखी सैल होते. हे चावट. मी तरी खुशाल ऐकेन.

आता दुसऱ्या ओळीतल्या 'कोण'च्या जागी समोरच्या शाहिराच्या बायकोचं नाव घाला. ती गावात राहणारी बाई आहे, कदाचित मांडवात मागे बसलेलीही आहे. ओळीत एकही शब्द अधिक घाण झालेला नाही. कोशातला कुठलाही शब्द तपासा, सगळे सोवळेच. तरी मांडवातली हवा बदलते. पहिल्या टोमण्याला उलट टोमणा मारता येतो, या दुसऱ्याला त्या बाईनं काय मारायचं? तिच्या हातात ना ढोलकी, ना तिला उलट गायची संधी मिळणार. शाहीर म्हणून स्वतः उभ्या राहणाऱ्या पोरींचंही तेच. त्यांच्या गाण्यावर टोमणा मारला तर ती मारामारी बरोबरीची, त्यांच्या अंगावर मारला की खेळ संपतो.

पत्रिकेत 'अश्लील' छापलंत की पहिला टोमणा सापडेल आणि दुसरा निसटेल. दुसरीकडे, 'ही कला आहे, नावं ठेवू नका' म्हणणारी पोरं पहिल्याची ढाल करून दुसरा वाचवतील. दोन्ही बाजू एकाच शब्दाच्या दोन टोकांना धरून ओढताहेत.

शिमग्याचा दाखला पोरांनी आणला ते बरं झालं. होम लागतो, बोंबा ठोकतात, फाका घालतात, तेव्हा जे कानावर येतं ते कोणी दुसऱ्या दिवशी मनात ठेवत नाही. पण त्याच शिमग्यानं आपल्याला एक म्हण दिली आहे: शिमगा गेला, कवित्व राहिलं. आज ही म्हण आपण निवडणुकीनंतरच्या धुसफुशीला वापरतो, आणि 'कवित्व' म्हणजे नुसती चर्चा, असं धरून चालतो. मूळ रोख शिमग्यातल्या अचकटविचकट पद्यांवर होता. त्या पद्यांना आपल्या पूर्वजांनी कवित्वच म्हटलं, दुसरा हलका शब्द शोधत बसले नाहीत, हे पोरांनी जरूर ध्यानात घ्यावं. आणि जाणत्यांच्या बाजूनंही म्हणीत तेवढंच वजन आहे. तिची कुरकुर कवित्व असण्याबद्दल नाही, ते राहण्याबद्दल आहे. पालखी फिरून पुन्हा देवळात गेली की तोंड आवरायचं, हा करार. आजची खरी अडचण ही की कवित्व आता राहतंच. मांडवातल्या चारशे ओळखीच्या माणसांपुढे रात्री दोनला मारलेला टोमणा सकाळी मोबाइलवर परक्या मुलखात पोचतो. तिथल्यांना ना शक्ती ठाऊक, ना तुरा, ना त्या दोन शाहिरांची वीस वर्षांची दोस्ती. त्यांना फक्त ती बाई दिसते.

कायद्यातही तोच शब्द आहे, म्हणून तेही सांगतो. भारतीय दंड संहितेचं कलम २९४ अश्लील कृत्यं आणि गाणी यांबद्दल होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ते कलम २९६ झालं. त्यात नुसतं अश्लील गाणं पुरत नाही, सार्वजनिक जागी इतरांना उपद्रव झाला पाहिजे. म्हणजे तिथंही शब्दाइतकंच ऐकणाऱ्याला महत्त्व आहे. हा शब्द किती लवचीक आहे ते कोकणाला नव्यानं सांगायला नको. दापोलीजवळच्या मुरुडच्या कर्व्यांच्या घरातले र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य' हे मासिक काढायचे. संततिनियमन आणि लैंगिक प्रश्न यांवर साध्या मराठीत लिहिलं म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४च्या खटल्यात त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर, म्हणजे मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. कर्व्यांच्या लिखाणात ना टोमणा होता ना कोणाची बायको, तरी त्याला लावला गेला तो हाच शब्द.

आपल्याकडचाच वाद अमेरिकेतही झाला होता. फ्लोरिडातल्या 'टू लाइव्ह क्रू' या रॅप गाणाऱ्या मंडळींची एक ध्वनिमुद्रिका १९९०मध्ये तिथल्या न्यायाधीशानं अश्लील ठरवली, आणि १९९२मध्ये वरच्या न्यायालयानं तो निकाल फिरवला. कार्यक्रम केला म्हणून त्यांच्यावर वेगळा खटलाही चालला, त्यात ते सुटले. त्या खटल्यात साहित्याचे प्राध्यापक हेन्री लुई गेट्स साक्षीला उभे राहिले. कृष्णवर्णीयांमध्ये एकमेकांना चढाओढीनं शिव्या देण्याचा एक जुना खेळ आहे, एकमेकांच्या आईवर जायचं आणि हसून सोडून द्यायचं. ही गाणी त्याच परंपरेतली अतिशयोक्ती आहे, असा त्यांचा मुद्दा. आपले तुरेवाले याहून वेगळं काय म्हणतात? त्यावर कायद्याच्या अभ्यासक किंबर्ली क्रेनशॉ यांनी लिहिलं. स्वतः कृष्णवर्णीय असलेल्या क्रेनशॉ यांना तो खटला पक्षपाती वाटत होता, पण विनोद आणि परंपरा यांच्या नावावर आपल्याच बायकांनी हे का सोसावं, असंही त्यांनी विचारलं. मला ही दुहेरी भूमिका पटते. पोलिस बोलावू नयेत, आणि गप्पही बसू नये.

मराठी माणूस असं बोलतोही. 'चाल फक्कड, बोल हलके' हे एका दमात म्हणणारे म्हातारे प्रत्येक वाडीत आहेत. त्यांनी चालीला दाद दिली म्हणून बोल माफ केले नाहीत, आणि बोल हलके म्हणून चाल बेसूर ठरवली नाही. 'कला आहे की अनीती' हा प्रश्न त्यांना पडतच नाही. 'हलके' हा शब्दही बघण्यासारखा आहे. तो अंगाबद्दल काहीच सांगत नाही, बोलणाऱ्याचं वजन किती घटलं तेवढं सांगतो.

मग पत्रिकेत काय छापायचं? 'हिणवणे' आणि 'नालस्ती' हे दोन शब्द मला जवळचे वाटतात. हिणवणे म्हणजे हीन ठरवणं, त्यात कोणाला तरी खाली ढकललेलं असतं. नालस्ती म्हणजे निंदा, बदनामी. 'अर्वाच्य' मात्र टाळा. तो 'अवाच्य'चा, म्हणजे बोलू नये त्याचा, मधे र घुसून झालेला अवतार आहे, आणि शिव्यांपुरताच मर्यादित आहे. मी असा मजकूर सुचवेन:

'टोमणा शाहिराच्या गाण्यावर, गुरूवर, घराण्यावर असावा. कोणाच्या घरच्या माणसांचं नाव घेऊन, कोणाच्या जातीवरून किंवा अंगावरून हिणवू नये. नालस्ती झाल्यास ती बारी तिथेच थांबवण्यात येईल. मंडळाच्या परवानगीशिवाय चित्रण करू नये.'

'गुरूवर' ठेवायचं की नाही ते तुमच्या दोन्ही वस्तादांना विचारून ठरवा. काही घराण्यांत गुरूचं नाव काढलेलं चालत नाही, आणि मग पुडीपेक्षा डोकी लवकर तापतात.

इतकं सांगूनही 'अश्लील'च छापायचं ठरलं तर निदान 'अश्लिल' छापू नका, ली दीर्घ आहे. 'बीभत्स'चा बीही दीर्घ. छापखान्यातून पत्रिका येण्याआधी मुद्रित एकदा नजरेखालून घाला.