‘डॉक्टरांनी सांगितलं होतं’ एवढ्यावर भागत नाही

परिचारिकांचे कायदेशीर प्रश्न या विषयावर कोल्हापूर जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना इथे उत्तरं दिली आहेत. नावं आणि रुग्णालयं अर्थातच गाळली आहेत.

प्रश्न : रात्रपाळीला मी एकटीच असते. डॉक्टर घरून फोनवर ‘एक केसीएल (पोटॅशियम क्लोराइडचं इंजेक्शन) सोड’ म्हणतात आणि सकाळी केसपेपरवर ते लिहायचं राहून जातं. उद्या काही झालं तर जबाबदार कोण?
— स्टाफ नर्स, गडहिंग्लज

फोनवर ऑर्डर घेणं हा गुन्हा नाही. रात्री अडीचला दुसरा मार्गही नसतो. पण ऑर्डर आधी कागदावर उतरवा, मग डॉक्टरांना शब्दन्‌शब्द वाचून दाखवा, त्यांचा होकार ऐका आणि त्यानंतरच ट्रॉलीकडे वळा. शक्य असेल तर फोन स्पीकरवर ठेवून दुसऱ्या वॉर्डच्या सिस्टरला ऐकवा आणि तिची सही घ्या.

मुळात ‘एक केसीएल’ ही पुरी ऑर्डरच नव्हे. आपल्याकडे सहसा मिळणाऱ्या १५ टक्क्यांच्या १० मिली अँप्युलमध्ये २० मिलिइक्विव्हॅलंट (क्षारांचं प्रमाण मोजायचं एकक) पोटॅशियम असतं. ते पातळ न करता शिरेतून ढकललं तर हृदय जागच्या जागी थांबू शकतं. म्हणून फोनवरच विचारा : किती मिलिइक्विव्हॅलंट, कोणत्या सलाईनमध्ये, किती तासांत? शेवटचा पोटॅशियमचा रिपोर्ट काय होता आणि लघवी किती होते आहे, हेही त्याच बोलण्यात डॉक्टरांच्या कानावर घाला. हातावरच्या शिरेतून द्यायचं तर लिटरमागे ४० आणि तासाला १० मिलिइक्विव्हॅलंट ही नेहमीची मर्यादा. म्हणजे ५०० मिलीत एकच अँप्युल, आणि ती बाटली दोन तासांच्या आत संपता कामा नये. स्टँडवर लटकत्या बाटलीत अँप्युल कधीही टोचू नका. जड द्रावण खाली नळीच्या तोंडाशी साचतं आणि पहिल्या काही मिनिटांतच पेशंटला घट्ट डोस जातो. क्लॅम्प बंद करून बाटली उतरवा, औषध घाला, चांगली उलटसुलट करा, लेबल लावा, मग टांगा.

नोंद अशी असावी : ‘रात्री २.४०. डॉ. अमुक यांची फोनवरील ऑर्डर. इंज. केसीएल २० मिलिइक्विव्हॅलंट, ५०० मिली नॉर्मल सलाईनमध्ये, ४ तासांत. वाचून दाखवली, होकार मिळाला.’ खाली तुमची आणि साक्षीदाराची सही. डॉक्टरांनी २४ तासांत सही करावी, असा नियम बहुतेक रुग्णालयांत असतो. ते टाळत असतील तर फोन झाल्याबरोबर तोच मजकूर त्यांना व्हॉट्सॲपवर पाठवा आणि इन्चार्ज सिस्टरना लेखी कळवा. केमोथेरपीची ऑर्डर मात्र फोनवर घेऊच नका.

आता जबाबदारीचं. नुकसानभरपाईचा दावा ग्राहक आयोगात गेला तर नोकरीवर असलेल्या नर्सच्या चुकीसाठी रुग्णालयालाही जबाबदार धरलं जातं. दिल्लीच्या स्प्रिंग मेडोज रुग्णालयात नर्सनं लहान मुलाला चुकीचं इंजेक्शन शिरेतून दिलं आणि त्याच्या मेंदूला कायमची इजा झाली. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयानं मुलासाठी साडेबारा लाख आणि आईवडिलांसाठी पाच लाखांची भरपाई कायम केली, ती रुग्णालयावर. फौजदारी बाजू मात्र ज्याची त्याला निस्तरावी लागते. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये निष्काळजीपणानं मृत्यू घडवल्यास पाच वर्षांपर्यंत कैद आहे. नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकासाठी ती दोन वर्षांपर्यंत, पण त्याची व्याख्या मेडिकल रजिस्टरमध्ये नाव असलेला अशी आहे. नर्सचं नाव तिथे नसतं. म्हणजे एकाच खोलीतल्या एकाच चुकीला डॉक्टरांना दोन आणि सिस्टरला पाच वर्षांची कमाल शिक्षा, असा त्या कलमाचा सरळ अर्थ निघतो. आमच्या मते ही उणीव आहे आणि नर्सेसच्या संघटनांनी ती लावून धरायला हवी. दिलासा एवढाच, की फौजदारी गुन्ह्यासाठी साधी चूक पुरत नाही. निष्काळजीपणा ढोबळ, अक्षम्य स्वरूपाचा असावा लागतो, हे जेकब मॅथ्यू खटल्यात (२००५) ठरलं आहे. गुन्हा रद्द करून घेण्यासाठी आता मुंबईची वारीही नको. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच बसतं.

प्रश्न : इन्सुलिन जास्त गेलं. पेशंट वाचला, पण सीनियर म्हणाल्या, ‘चार्टचं पान बदल.’ काय करायला हवं होतं?
— जीएनएम नर्स, इचलकरंजी

पान बदलायचं नाही. चूक माफ होऊ शकते, खाडाखोड होत नाही. बदललेलं पान म्हणजे खोटा दस्तऐवज, आणि तिथून प्रकरण निष्काळजीपणावरून लबाडीवर जातं. शिवाय फार्मसीचं बिल, लॅबच्या वेळा, मॉनिटरची मेमरी या गोष्टी कुणी बदललेल्या नसतात. विसंगती तिथेच उघडी पडते.

क्रम असा : लगेच शुगर तपासा, डॉक्टरांना बोलवा, प्रोटोकॉलप्रमाणे २५ टक्के डेक्स्ट्रोज तयार ठेवा, दर १५ मिनिटांनी शुगर पाहून नोंदवा. व्हायल आणि सिरिंज फेकू नका. चार्टवर फक्त घडलं ते लिहा : किती युनिट गेलं, किती वाजता, कुणाला कळवलं, काय केलं. ‘चुकून’, ‘गर्दीमुळे’ असले शब्द तिथे नकोत. कारणं वेगळ्या इन्सिडंट रिपोर्टमध्ये द्या. चुकलेल्या शब्दावर एकच आडवी रेघ मारा. खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी सही, तारीख, वेळ. व्हाइटनर वॉर्डात असूच नये. उशिरा सुचलेली नोंद ‘उशिरा नोंद’ असं म्हणून, लिहिण्याची खरी वेळ टाकूनच करा.

अशी चूक बहुतेकदा सिरिंजमुळे होते. लाल टोपणाची सिरिंज मिलीमागे ४० युनिटच्या व्हायलसाठी, केशरी टोपणाची मिलीमागे १०० युनिटच्या. १०० च्या व्हायलमधून लाल सिरिंजनं २० च्या खुणेपर्यंत ओढलं तर अर्धा मिली, म्हणजे तब्बल ५० युनिट जातात. उलट अदलाबदल झाली तर २० ऐवजी ८ च जातात आणि सकाळी शुगर का वाढली म्हणून सगळे डोकं खाजवत बसतात. दोन्ही जातींच्या व्हायल एकाच ट्रेमध्ये ठेवणाऱ्या वॉर्डात हे आज ना उद्या होणारच.

प्रश्न : सर्जन ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) जाताना म्हणतात, ‘सिस्टर, कन्सेंटवर सही घ्या.’ बऱ्याचदा नवऱ्याची घेतली जाते. चालतं का?
— स्टाफ नर्स, राजारामपुरी

पेशंट सज्ञान आणि शुद्धीवर असेल तर सही तिचीच हवी, नवऱ्याची नव्हे. समीरा कोहली खटल्यात (२००८) तपासणीसाठी भूल दिलेल्या बाईंचं गर्भाशय आईच्या संमतीवर काढलं गेलं. सर्वोच्च न्यायालयानं ती संमती ग्राह्य धरली नाही. गर्भपातासाठीही सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरते. जीव वाचवायला वेळच नसेल तेव्हा संमतीविना उपचाराला कायद्याचं संरक्षण आहे.

शस्त्रक्रिया, धोके आणि दुसरे पर्याय समजावणं हे डॉक्टरांचं काम. तुम्ही साक्षीदार म्हणून सही करता तेव्हा ‘माझ्यासमोर, शुद्धीत, दबावाविना सही झाली’ एवढंच सांगता. म्हणून कोऱ्या फॉर्मवर किंवा प्री-मेडिकेशन (भुलीआधीचं औषध) दिल्यावर सही घेऊ नका. पेशंट ‘नेमकं काय करणार आहेत?’ असं विचारत असेल, तर फॉर्म बाजूला ठेवून डॉक्टरांना परत बोलवा. निपाणी-चिकोडीकडचे कानडी बोलणारे पेशंट आपल्याकडे रोजचेच. दुभाष्या कोण होता ते नाव फॉर्मवर लिहा. अंगठा असेल तर कोणत्या हाताचा, तेही.

प्रश्न : एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांशी संबंध येणारं प्रकरण) पेशंटमध्ये नर्सनं काय सांभाळायचं?
— ब्रदर, ग्रामीण रुग्णालय

एमएलसी नोंदवणं डॉक्टरांकडे, पुरावा जपणं बऱ्याच अंशी तुमच्याकडे. कपडे कापताना भोसकल्याच्या किंवा जळाल्याच्या भोकातून कात्री घालू नका, बाजूनं कापा. रक्तानं भिजलेले कपडे सावलीत वाळवून कागदी पिशवीत ठेवा. प्लॅस्टिकमध्ये ते कुजतात. विषबाधेत पोट धुतल्याचा पहिला नमुना स्वच्छ बाटलीत वेगळा काढून डॉक्टरांच्या ताब्यात द्या. प्रत्येक वस्तूवर नाव, एमएलसी क्रमांक, तारीख, वेळ, सही. पोलिसांना देताना बक्कल नंबरासह पोच घ्या. पेशंट काही बोलला तर त्याचेच शब्द लिहा, स्वतःच्या शब्दांत सारांश नको.

सतरा वर्षांची मुलगी बाळंतपणाला आली तर ती विवाहित आहे म्हणून पोक्सो (बालकांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा) टळत नाही. पोलिसांना कळवणं कलम १९ नुसार प्रत्येकावर बंधनकारक आहे, नर्सवरही. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. डॉक्टरांना सांगितलंत तर ती वेळ लिहून ठेवा आणि पोलिसांपर्यंत गेलं का, ते विचारा.

प्रश्न : आमच्याकडे बारावी झालेल्या मुली ‘सिस्टर’ म्हणून इंजेक्शनं देतात. चार्टवर सही मात्र माझी. नातेवाईक अंगावर आले तर?
— इन्चार्ज, शाहूपुरी

सही थांबवा. न दिलेल्या औषधावर सही म्हणजे ते तुम्ही दिलं, असा अर्थ होतो. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी नसलेल्या व्यक्तीला इंजेक्शनाचं काम सोपवलं, तर सोपवणाऱ्यालाही जाब द्यावा लागतो. स्पंजिंग, पलंग, उचल-फिरव ही कामं मावशी-मामांना द्या. सुई, सलाईन, कॅथेटर देऊ नका. व्यवस्थापनाला लेखी कळवा, पत्राची पोच स्वतःकडे ठेवा. स्वतःच्या नोंदणीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी झालंय का, तेही पाहून घ्या.

अंगावर येणाऱ्यांसाठी महाराष्ट्राचा २०१० चा कायदा आहे. नर्सवर हल्ला हा दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा. तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड. तक्रार देताना हा कायदा नावानिशी सांगा, नाहीतर साध्या मारहाणीची नोंद करून बोळवण होते. सीसीटीव्हीचं फुटेज त्याच दिवशी कॉपी करून घ्या. बऱ्याच यंत्रांत ते काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं.