फालशाच्या शेतातला पेला

प्रिय मुली,

तुझा लेख दोनदा वाचला. पहिल्यांदा चहा पिता पिता, दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन. तळमळ खरी आहे, भाषाही बरी आहे. घोळ मथळ्यातच आहे: 'मुस्लिम देशांतील ख्रिस्ती'. पहिल्याच पानावर इजिप्तचे कॉप्ट, इराकमधून परागंदा झालेले ख्रिस्ती, जकार्ताचे तुरुंगात गेलेले गव्हर्नर आणि पाकिस्तान असे सगळे एकाच पोत्यात भरलेस. लेबनॉनमध्ये राष्ट्राध्यक्ष मॅरोनाइट ख्रिस्तीच असतो, तो पोत्यात मावेना म्हणून बाहेर राहिला. हे पोतं उतरव. फक्त पाकिस्तान ठेव, त्यातही पंजाब.

आसिया बीबीवर, त्या शेतमजूर ख्रिस्ती बाईवर, तू चार ओळी लिहिल्यास. मी तुझ्या जागी असतो तर अर्धा लेख तिथेच घालवला असता. जून 2009, इट्टनवाली गाव, भर उन्हात बायका फालसे तोडतायत. ही पाणी आणायला जाते, विहिरीजवळच्या जुन्या पेल्याने आधी स्वतः पिते, मग बाकीच्यांना देते. दोघी मुसलमान बहिणी म्हणतात, तुझ्या हातचं पाणी आम्हाला चालत नाही. त्यावरून शब्दाला शब्द वाढतो. पाच दिवसांनी पोलिसात तक्रार जाते, हिने प्रेषित महंमदांची निंदा केली अशी, तीही गावच्या मौलवीची, जो भांडणाच्या वेळी तिथे नव्हताच. 2010 मध्ये फाशीची शिक्षा आणि 31 ऑक्टोबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयातून सुटका. त्या निकालात एक गोष्ट माझ्या मनात रुतून बसली आहे. पाण्यावरून भांडण झालं होतं, हेच त्या दोघी बहिणींनी साक्षीत दडवलं होतं. म्हणजे नबीची, प्रेषितांची, निंदा झाली हे सांगायचं, पण पेल्याचं नाव काढायचं नाही.

आता तूच सांग, हे दृश्य तुला अनोळखी आहे का? महाडच्या चवदार तळ्याची गोष्ट शाळेत असताना वाचलेल्या मुलीला हा पेला लगेच दिसायला हवा होता. तुझ्या लेखात तो नाही, कारण तू ज्या इंग्रजी बातम्या वाचल्यास त्यांत 'धर्म' हा शब्द होता आणि 'जात' हा नव्हता. पंजाबातले बहुसंख्य ख्रिस्ती हे चूहडा म्हणून हिणवल्या गेलेल्या, झाडूकाम लादलेल्या जातीतून आलेले. 1873 मध्ये सियालकोटकडचा डित्त नावाचा, कातड्यांचा व्यापार करणारा एक लंगडा माणूस मिशनऱ्यांकडे गेला, बाप्तिस्मा घेऊन गावी परतला, आणि त्याच्या मागोमाग वस्त्याच्या वस्त्या गेल्या. झाडू मात्र सुटला नाही. सफाई कामगारांच्या भरतीत 'फक्त बिगरमुस्लिम' अशी अट घालणाऱ्या सरकारी जाहिराती तिथे कालपरवापर्यंत छापून येत होत्या. 2017 मध्ये सिंधमधल्या उमरकोटला गटारात गुदमरलेल्या एका ख्रिस्ती सफाई कामगाराला इस्पितळात नेलं. त्याच्या घरच्यांची तक्रार अशी की अंग घाणीने माखलेलं होतं आणि डॉक्टरांना रोजा होता, म्हणून त्याला वेळेवर कुणी हात लावला नाही. तो दगावला.

(कराचीचे गोवन ख्रिस्ती ही वेगळी कहाणी. कॉन्व्हेंटमधलं इंग्रजी, बँडवाले, कारकुनी, रेल्वे. पाकिस्तानचे पहिले कार्डिनल जोसेफ कॉर्डेरो जन्माने मुंबईकर. गोवन आणि पंजाबी यांना एकाच वाक्यात कोंबू नकोस.)

पण सावध राहा. जात सापडली की आपल्याकडच्या लेखकांना सगळं उमगल्यासारखं वाटतं, आणि मग धर्म नि कायदा दोघेही निर्दोष सुटतात. तसं नाही. कायदा काढून समोर ठेव. धार्मिक भावना दुखावण्याबद्दलचं 295-अ हे कलम इंग्रजांनी दंड संहितेत 1927 मध्ये घातलं, महाडच्या त्याच वर्षी. त्यात 'हेतुपुरस्सर आणि दुष्ट हेतूने' ही अट आहे. आपल्या भारतीय न्याय संहितेतही ते 299 या नंबराने नांदतंय, हे वाचकाला सांगून टाक, लपवू नकोस. पाकिस्तानात लष्करशहा झिया उल हक यांच्या काळात 1982 ला 295-ब आलं, कुराणाच्या विटंबनेला जन्मठेप. 1986 ला 295-क, प्रेषितांच्या निंदेला फाशी किंवा जन्मठेप, आणि 1990 मध्ये शरियत न्यायालयाने त्यातली जन्मठेपही गाळायला लावली. या 'क'मध्ये हेतूची अटच नाही. थेट बोला, आडून बोला, सुचवा, सगळं त्यात बसतं. शिवाय आरोपी नेमकं काय बोलला ते छापायला वर्तमानपत्रंही कचरतात, कारण ते पुन्हा उच्चारणं हाच गुन्हा ठरायचा. अशा कायद्यात शेजाऱ्याशी बांधावरून भांडण असलं तरी पुरतं. आरोपी झालेल्यांत मुसलमानच संख्येने जास्त आहेत, हेही लिही. ख्रिस्ती लोकसंख्येत शंभरात दीडसुद्धा नाहीत, आणि आरोपींत त्यांचा वाटा त्याच्या कितीतरी पट आहे, हेही त्याच वाक्यात लिही.

लाहोरची जोसेफ कॉलनी बघ. आजूबाजूला लोखंडाची गोदामं, मध्ये गरीब ख्रिस्ती वस्ती. मार्च 2013 मध्ये दोन मित्रांचं भांडण झालं, एकावर निंदेचा आरोप आला, आणि दुसऱ्या दिवशी शंभरावर घरं जळाली. आमच्या जागेवर डोळा होता असं रहिवासी म्हणत राहिले. ज्याच्यावर आरोप होता त्याला 2014 मध्ये फाशी सुनावली, तो 2020 ला सुटला. जाळपोळीतले 115 आरोपी मात्र 2017 मध्येच निर्दोष सुटले होते. हे दोन निकाल नुसते शेजारी शेजारी ठेव, विशेषण लावू नकोस. पुढे 16 ऑगस्ट 2023 ला पंजाबातलंच जरांवाला: कुराणाची फाटलेली पानं सापडल्याची बातमी, मशिदीच्या भोंग्यावरून पुकारा, आणि संध्याकाळपर्यंत वीसहून जास्त चर्चची नासधूस. बायकापोरांनी रात्र उसाच्या फडात काढली.

तुझ्या लेखात पाकिस्तानी मुसलमान फक्त जमावात दिसतो. आसियाची बाजू घेतली म्हणून पंजाबचे गव्हर्नर सलमान तासीर 4 जानेवारी 2011 ला स्वतःच्याच अंगरक्षकाच्या गोळ्यांनी गेले. त्यानंतर दोन महिन्यांत ख्रिस्ती मंत्री शहबाज भट्टी गेले. मुलतानचे वकील रशीद रहमान 2014 मध्ये गेले, ते एका मुसलमान प्राध्यापकाचा असाच खटला लढवत होते. तासीरांच्या मारेकऱ्यावर वकिलांनी गुलाबाच्या पाकळ्या उधळल्या. हे सगळं एकाच समाजातलं आहे.

तासीर गेले तेव्हा मीही एक लेख लिहिला होता, तुझ्यासारखाच, पोत्याचा. खूप वाहवा झाली. मग वसईहून एका ख्रिस्ती वाचकाचं पोस्टकार्ड आलं, सुबक मराठी अक्षर. 'तुम्ही हे आमच्यासाठी लिहिलंत की आमच्यावरून?' एवढंच. खाली नाव होतं, पत्ता नव्हता, त्यामुळे उत्तरही देता आलं नाही. वाहवा करणाऱ्यांची नावं मग मी पुन्हा एकदा नीट वाचली. इथल्या चर्चवर दगड पडले तेव्हा त्यांतला एकही जण काही बोलला नव्हता. मीही नव्हतो. तुझ्या लेखाला 'शेअर' कोण करेल, याचा अंदाज आधीच घेऊन ठेव. लेख त्यांच्यासाठी बदलू नकोस, पण त्यांना सोयीचं वाक्य फुकट देऊ नकोस.

शब्दांचंही बघ. तू सगळीकडे 'ईशनिंदा' लिहिलंयस. 295-क देवाबद्दल नाही, प्रेषितांबद्दल आहे. तिकडे 'तौहीन-ए-रिसालत' म्हणतात, तू 'प्रेषितनिंदा' लिही. आणि तिकडचे ख्रिस्ती स्वतःला 'मसीही' म्हणवतात. 'ईसाई' त्यांना टोचतं, कारण त्या शब्दामागून झाडू ऐकू येतो.

दुसरा खर्डा मंगळवारपर्यंत पाठव. हजार शब्दांच्या आत.

तुझा,
सर

ता. क. : आसिया 'बेरी' तोडत होती असं लिहिलंयस. ते खोड. मे महिन्यात हातगाडीवर द्रोणात मीठ लावून मिळतात ना, तेच ते, फालसे.