बँकॉकच्या तीन विमानतळांना जोडणारी हायस्पीड रेल्वे कधी सुरू होणार? पटायाच्या सहलीचा बेत तिच्यावर आखावा का?

आखू नका. प्रश्नात तुम्ही म्हटले आहे की नकाशावर डॉन मुआंग विमानतळापासून ऊ-तपाओ विमानतळापर्यंत सलग रेघ दिसते आणि वाटेत पटाया स्टेशनही आहे. रेघ खरी आहे, पण ती प्रस्तावाची. 2025 उजाडले तरी या मार्गाच्या मुख्य बांधकामाला सुरुवात झालेली नव्हती, आणि सुरुवात झाल्यावरही साधारण पाच वर्षांचे काम आहे. त्यामुळे पुढच्या एक-दोन सहलींसाठी ही गाडी नाही असेच धरून चाला. प्रकल्प का रखडला आणि तोवर कसे जायचे, हे दोन्ही सांगतो. नुसता प्रवासापुरता रस असेल तर शेवटचे काही परिच्छेद वाचले तरी चालेल.

आधी योजना काय आहे ते. मार्ग सुमारे 220 किलोमीटरचा, स्टेशने नऊ: डॉन मुआंग, बांग सू, मक्कासान, सुवर्णभूमी (तिसरा विमानतळ), चाचोएंगसाओ, चोनबुरी, सी राचा, पटाया, ऊ-तपाओ. दोन रुळांमधले अंतर 1,435 मिलिमीटर, म्हणजे स्टँडर्ड गेज. थायलंडची जुनी रेल्वे मीटर गेजवर धावते, तेव्हा पटायाला आज जाणाऱ्या लोहमार्गावरून ही गाडी धावू शकत नाही. तिला शेजारून स्वतंत्र मार्ग लागतो. शहराबाहेर वेग ताशी 250 किलोमीटर, बँकॉक शहरात 160. प्रकल्पाची किंमत सुमारे 22,450 कोटी बाट. सीपी या बड्या थाई उद्योगसमूहाच्या पुढाकाराने बनलेल्या कंपनीसमूहाशी थाई रेल्वेने 24 ऑक्टोबर 2019 रोजी 50 वर्षांचा करार केला.

या करारात एक जुनी गोष्टही गुंफली आहे. फया थाई ते सुवर्णभूमी धावणारी एअरपोर्ट रेल लिंक 2010 पासून चालू आहे. 28.6 किलोमीटर, आठ स्टेशने, रूळ स्टँडर्ड गेजच. नव्या कंपनीने तीही चालवायची, त्या हक्कापोटी सुमारे 1,067 कोटी बाट भरायचे आणि तीच लाइन दोन्ही टोकांना वाढवायची, अशी रचना. म्हणजे मधला तुकडा आयता तयार आहे. वाचताना हे फायद्याचे वाटते, पण प्रत्यक्षात डोकेदुखी इथेच सुरू होते.

तुकडा दुहेरी मार्गाचा आहे आणि त्यावर प्रत्येक स्टेशनावर थांबणारी लोकल धावते. मक्कासान ते सुवर्णभूमी हे अंतर न थांबणारी गाडी सुमारे 15 मिनिटांत कापत असे, लोकलला 22 च्या आसपास लागतात. म्हणजे जलद गाडी लोकलनंतर दहा मिनिटांनी सोडली, तर सुवर्णभूमीला पोचेपर्यंत ती लोकलच्या मागे तीन मिनिटांवर येऊन ठेपते. इथपर्यंत ठीक. पण गर्दीच्या वेळी लोकल सहा-सहा मिनिटांनी सोडायच्या म्हटले, तर जलद गाडीला एक तर लोकलच्या मागे रांगत जावे लागेल, नाही तर लोकलला बाजूला उभे करायला जादा रूळ लागतील. ताशी 160 हा आकडा कागदावर कितीही शोभला, तरी शहरातला खरा वेग पुढची लोकल ठरवते.

थांब्यांचा हिशेबही करून बघण्यासारखा आहे. 250 च्या वेगाला पोचायला हायस्पीड गाडीला साधारण आठ किलोमीटर लागतात, थांबायला पाच. गाडी थांबलीच नसती तर तेच 13 किलोमीटर तीन-साडेतीन मिनिटांत संपले असते. थांबल्यामुळे सहाच्या वर लागतात, आणि फलाटावरची दोन मिनिटे वेगळी. म्हणजे दर थांब्याला पाच मिनिटे गेली. सुवर्णभूमी आणि ऊ-तपाओच्या मध्ये चार स्टेशने आहेत, म्हणजे वीस मिनिटे. मक्कासानहून ऊ-तपाओ पाऊण तासात, ही जाहिरात म्हणूनच मोजके थांबे घेणाऱ्या गाडीलाच लागू पडेल. सगळीकडे थांबणारी गाडी तासाच्या पुढे जाईल असा माझा अंदाज. तरीही रस्त्यापेक्षा ती चांगलीच, कारण मोटरवेवर शुक्रवारी संध्याकाळी किती वेळ लागेल हे कोणीच सांगू शकत नाही. रेल्वेचा खरा फायदा वेळ ठरलेली असण्यात आहे, वेगात त्यामानाने कमी.

आता घोडे कुठे पेंड खाते ते. लोकांना वाटते जमीन किंवा तंत्रज्ञान. जमिनीचा त्रास होताच: वाटेतल्या उच्च दाबाच्या वीजवाहिन्या, तेलाच्या आणि पाण्याच्या नळवाहिन्या हलवायच्या, रेल्वेच्या जागेवरची अतिक्रमणे काढायची, आणि मग जागा कंपनीच्या ताब्यात द्यायची. हे वेळखाऊ असते, पण होते. खरी गाठ पैशाच्या क्रमात बसली.

सरकारने या प्रकल्पात सुमारे 11,722 कोटी बाटचा वाटा उचलायचा होता. ही रक्कम मूळ करारानुसार गाडी सुरू झाल्यानंतर दहा वर्षांत, हप्त्याहप्त्याने मिळणार होती. म्हणजे पाच वर्षे बांधकामाचा सगळा भार कंपनीने कर्ज काढून सोसायचा. 2019 साली, स्वस्त व्याजाच्या काळात, हे जमेल असे वाटले. सहा महिन्यांत कोविड आला. विमाने जमिनीवर, एअरपोर्ट रेल लिंकचे प्रवासी आटले, आणि ऑक्टोबर 2021 मध्ये भरायचे ते 1,067 कोटी एकरकमी भरण्याऐवजी हप्त्यांची मागणी पुढे आली. मग व्याजदर चढले. शेवटी कंपनीचे म्हणणे असे झाले की काम होईल तसतसे पैसे द्या, आम्ही त्या बदल्यात बँक हमी देतो. सरकारी बाजूने हे मान्य करणे सोपे नाही, कारण निविदा ज्या अटींवर निघाली त्याच अटी नंतर बदलल्या तर हरलेला स्पर्धक विचारणारच: या अटी आम्हाला दिल्या असत्या तर आम्हीही कमी बोली लावली असती की! त्यामुळे दुरुस्तीचा मसुदा एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहिला.

दुसरी गाठ बांग सू ते डॉन मुआंग या पट्ट्यात. बँकॉकहून नाखोन राचासिमाकडे जाणारी थाई-चिनी हायस्पीड लाइनही याच पट्ट्यातून जाते. दोन मार्गांसाठी जागा एकच, म्हणून खांब आणि पूल सामाईक बांधायचे. ते कोणी बांधायचे, कोणत्या मानकाने, आणि वाढीव खर्च कोणाच्या खात्यात टाकायचा, यावर वाद. एका प्रकल्पाचा करार अडला की दुसऱ्याचा तेवढा तुकडाही अडतो.

आणि तिसरी, मला सर्वांत रंजक वाटणारी. ऊ-तपाओ हा मुळात व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकेने बांधलेला तळ. बी-52 बाँबफेकी विमाने इथून उडत. मालकी थाई नौदलाची, धावपट्टी सुमारे साडेतीन किलोमीटरची, आणि पटायापासून रस्त्याने पाऊण तासाच्या आत. त्याचे रूपांतर वर्षाला 6 कोटी प्रवासी हाताळणाऱ्या विमानतळात करायचे, असा आराखडा आहे. बँकॉक एअरवेज, बँकॉकची स्कायट्रेन चालवणारी बीटीएस आणि सिनो-थाई ही बांधकाम कंपनी यांच्या समूहाशी जून 2020 मध्ये सुमारे 29,000 कोटी बाटचा वेगळा करार झाला. पण एवढे प्रवासी यायचे कसे? बँकॉकचे लोक रेल्वेने येतील, असे उत्तर त्या आराखड्यात गृहीत आहे. आणि रेल्वेच्या प्रवाशांचा अंदाज काढताना? ऊ-तपाओ मोठा विमानतळ होईल, हे गृहीत आहे. रेल्वे विमानतळाची वाट बघते, विमानतळ रेल्वेची. दोन्हीकडच्या कर्ज देणाऱ्या बँका मात्र समोरच्याचे काम सुरू झालेले दाखवा म्हणतात.

कंपनीला यात एवढा रस का, असा प्रश्न पडेल. तिकिटातून असे प्रकल्प क्वचितच फिटतात. खरे आकर्षण मक्कासान स्टेशनाजवळच्या 150 राय जमिनीचे आहे. एक राय म्हणजे 1,600 चौरस मीटर, तेव्हा ही जागा जवळजवळ 60 एकर भरते, तीही बँकॉकच्या पोटात. सी राचालाही 25 राय आहे. मॉल, कार्यालये, हॉटेले यांचे भाडे रेल्वेचा तोटा भरून काढील, असे हे गणित.

प्रकल्प खरोखर हलला हे ओळखायचे कसे? मंत्र्यांच्या घोषणांवरून नाही. थाई रेल्वे कंपनीला 'काम सुरू करा' असे पत्र देते का, ते बघा. करारातली पाच वर्षे तिथून मोजतात. त्यानंतर चाचोएंगसाओच्या डेपोचे काम आणि गाड्यांची ऑर्डर. डेपो नाही तर चाचण्या नाहीत, आणि चाचण्यांना बहुधा सहा महिने ते वर्ष जाते. उद्घाटनाची तारीख जाहीर झाली पण गाड्यांची ऑर्डरच नाही, असे दिसले तर त्या तारखेत तीन वर्षे मिळवा.

एक इशारा गाडी सुरू होईल त्या दिवसासाठीही देतो. एअरपोर्ट रेल लिंकवर सुरुवातीला मक्कासान ते सुवर्णभूमी अशी विनाथांबा एक्सप्रेस होती, सामानाचा वेगळा डबा होता, मक्कासानलाच बॅगा चेक-इन करायची सोय होती. 2014 मध्ये ती एक्सप्रेस बंद पडली. एकूण गाड्या नऊच, देखभालीला एखादी गेली की लोकलला गाडी कमी पडायची. पण त्याहून मोठे कारण म्हणजे मक्कासानला पोचणेच कठीण होते: शेजारच्या फेचबुरी मेट्रो स्टेशनला जोडणारा पादचारी पूलही पहिली काही वर्षे नव्हता. 15 मिनिटांच्या गाडीसाठी ट्रॅफिकमध्ये अर्धा तास टॅक्सीत कोण बसेल? पटायातही हाच प्रश्न येणार आहे. तिथले रेल्वे स्टेशन सुखुमवित रस्त्याच्या पूर्वेला, समुद्रकिनाऱ्यापासून काही किलोमीटर आत आहे.

तर आत्ता कसे जायचे. सुवर्णभूमीला उतरलात आणि थेट पटायाच गाठायचे असेल, तर बँकॉक शहरात शिरूच नका. विमानतळाच्या तळमजल्यावर पटाया-जोमतिएनच्या 389 क्रमांकाच्या बसचे काउंटर आहे. अंतर सुमारे 120 किलोमीटर, दीड ते दोन तास. ही बस किनाऱ्यावर जात नाही. सुखुमवितवर उत्तर, मध्य आणि दक्षिण पटायाच्या चौकांत उतरवत जोमतिएनला जाते. हॉटेल कोणत्या भागात आहे ते आधी बघून ठेवा, चौक चुकला तर सामानासकट सोंगथ्येव शोधत फिरावे लागते. सोंगथ्येव म्हणजे मागे दोन बाकड्यांची उघडी पिकअप. चौघे-पाच जण आणि बॅगा जास्त असतील तर टॅक्सी परवडते. विमानतळावरच्या मीटर टॅक्सीला 50 बाट जादा द्यावे लागतात आणि मोटरवेचा टोल वेगळा, हे बसण्याआधी बोलून घ्या. ड्रायव्हरला विमानतळाचे नाव आपल्या उच्चारात सांगितले तर तो गोंधळेल. शब्द संस्कृत असला तरी थाई लोक त्याला 'सुवन्नाफूम' म्हणतात.

शहरातून निघणार असाल तर एक्कामाईच्या बसस्थानकावरून पटायाच्या गाड्या सुटतात, आणि ते बीटीएसच्या एक्कामाई स्टेशनाला लागूनच आहे. जुन्या मीटर गेजच्या रेल्वेनेही जाता येते. बँकॉकच्या हुआ लाम्फोंग या जुन्या स्टेशनाहून सकाळी सातच्या सुमारास निघणारी तिसऱ्या वर्गाची साधी गाडी पटायाला साडेतीन-चार तास घेते. तिकीट अगदीच किरकोळ, डब्यात पंखे, खिडक्या उघड्या. पण ती सुवर्णभूमी विमानतळावर जात नाही, आणि चुकली तर दिवसभर दुसरा पर्याय जवळपास नाहीच. हौस म्हणून जा, घाई असताना नको.

आणि डॉन मुआंगला उतरून सुवर्णभूमीहून पुढचे विमान पकडायचे असेल, तर दोन विमानतळांमधली मोफत शटल बस आहे. त्याच दिवसाचे पुढचे तिकीट दाखवावे लागते. ती रस्त्यानेच जाते, त्यामुळे हातात निदान पाच तास ठेवा. रेल्वेनेच जायचे असेल तर डॉन मुआंगहून रेड लाइनने बांग सूच्या मोठ्या टर्मिनलला, तिथून मेट्रोच्या निळ्या लाइनने न बदलता फेचबुरीला, पुलावरून चालत मक्कासानला, आणि मक्कासानहून एअरपोर्ट रेल लिंक. तीन गाड्या, तीन वेगळी तिकिटे, दोन ठिकाणी बॅगा ओढत चालणे. एक चाक मोडलेली बॅग असेल तर शटलच घ्या.