साडेतीन किलोच्या कॅमेऱ्यासाठी ट्रायपॉड दणकट घेतला, तर कोणतेही बॉलहेड चालेल का?

निकॉन डी८५० आणि २००-५०० मिमी लेन्स यांच्यासाठी १० किलो पेलणारा ट्रायपॉड घेतल्यास वर साधे बॉलहेड (एका गोळीवर सर्व दिशांना फिरणारे, एकाच नॉबने आवळायचे हेड) पुरेल का, असे आपण विचारले आहे. पुरणार नाही. ‘पैसे पायांत घाल, हेड म्हणजे नुसती वरची टोपी’ असे माझे भावोजी मला सांगत, आणि लग्नांचे फोटो काढण्यात त्यांची उभी हयात गेलेली असल्यामुळे मी ते मुकाट्याने ऐकले.

जानेवारीतल्या एका सकाळी गोव्यातल्या करमळीच्या तळ्यावर अडयांचा (शीळ घालणाऱ्या बदकांचा) थवा अचानक उठला. त्याच्यामागे लेन्स फिरवता यावी म्हणून मी नॉब सैल ठेवला होता. पट्टा बाजूला सारायला एक हात काढला आणि तेवढ्यात लेन्सचे तोंड झपकन खाली गेले, बॉलचा दांडा खाचेत आपटला आणि तीन पायांसकट सगळेच पुढे कलंडले. पाय शाबूत राहिले. हूड मात्र चिखलात रुतले आणि झूमची रिंग त्या दिवसापासून किरकिरते. भावोजी आजही, चतुर्थीला भेटलो तरी, ‘तू नॉब आवळला नव्हतास’ एवढेच म्हणतात. उडत्या पक्ष्यामागे जायचे असताना नॉब आवळून कसे चालेल, याचे उत्तर त्यांनी अद्याप दिलेले नाही.

खोक्यावरचे १० किलो हे सरळ वरून ठेवलेल्या वजनाचे असतात. लांब लेन्स पुढे झुकली की तिचा ओढा कितीतरी वाढतो. म्हणून अशा लेन्ससाठी बॉलहेडऐवजी गिंबल हेड घ्यावे. त्यात वजन झोपाळ्यासारखे त्याच्या तोलाच्या बिंदूवर टांगले जाते. प्लेट, म्हणजे हेडच्या पकडीत बसणारी पट्टी, मागे-पुढे सरकवून तोल साधला की नॉब सैल असतानाही लेन्स जिथे सोडाल तिथे थांबते. त्यासाठी लेन्सच्या कॉलरच्या (लेन्सभोवतालच्या कड्याच्या) पायाला आर्का-स्विस पद्धतीची, म्हणजे तिरप्या कडांची, निदान १०० मिमी लांबीची प्लेट लावावी. कॅमेऱ्याखालची आखूड प्लेट येथे निरुपयोगी आहे. प्लेट धरणारा क्लॅम्प खटक्याचा न घेता स्क्रूचा घ्यावा, कारण निरनिराळ्या कंपन्यांच्या प्लेटांच्या रुंदीत केसभर फरक असतो आणि खटका तेवढ्यावरही सैल पडतो. पायांवरचा स्क्रू ३/८ इंची आहे ना, हे पाहून घ्यावे.

पायांबाबत एवढेच, की मधला दांडा वर काढू नये, आणि खाजनात (खाडीकाठच्या सखल खारजमिनीत) किंवा चोडणच्या कांदळवनात उभे करून आणल्यावर पाय गोड्या पाण्याने धुवावेत, नाहीतर खारट गाळाने त्यांची कुलपे अडकतात.

एक राहिले. कॉलर नसलेली छोटी लेन्स लावून निसर्गदृश्ये टिपायची असतील तर गिंबल गैरसोयीचे ठरते, तेथे चांगले बॉलहेडच हवे. आणि व्हिडिओ करणार असाल तर फ्लुइड हेड, म्हणजे आतल्या द्रवाच्या रोधाने संथ फिरणारे हेड, पाहावे. त्या बाबतीत भावोजींना विचारलेले बरे.